डोंगर कोणाच्या खांद्यावर?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा पत्ता चुकला असावा असेच आम्हांला वाटले. पत्रात विषय होता 'निसर्गपर्यटन आणि त्याचे परिणाम'. ह्या विषयावर वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी बोलावे किंवा एखाद्या अर्थशास्त्रज्ञाने बोलावे. आमचे आयुष्य हमाल, हॉटेल-कामगार आणि गाडीवान ह्यांच्या संघटनेत गेले. शाळा सातवीत सुटली. त्यापुढचे जे काही शिक्षण झाले ते रद्दीच्या दुकानात, संघटनेच्या कचेरीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. पण न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्याने सुरू केली आणि गावोगावी तिची रोपे लागली, ती काही केवळ विद्वानांनी विद्वानांसाठी बोलावे म्हणून नव्हेत. तेव्हा आम्ही मान डोलावली. जे पाहिले, जे वाचले आणि ज्यात आम्ही स्वतः चुकलो, तेवढे आज आपल्यापुढे ठेवतो.

सगळ्या जगाचे डोंगर आणि समुद्र एका तासात बसायचे नाहीत, म्हणून एकच डोंगर घेऊ. माथेरान. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तो पाहिलेला असेल. मात्र आम्ही तो प्रथम पाहिला तो पाहुणा म्हणून नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या वडिलांचे माग थांबले ते पुन्हा चालू झालेच नाहीत. घरात खाणारी तोंडे सात. १९८६ च्या उन्हाळ्यात, वयाच्या सोळाव्या वर्षी, आम्ही माथेरानच्या एका हॉटेलात कपबशा विसळायला लागलो. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत काम. झोपायला भटारखान्यामागची पडवी. पाऊस लागला, पाहुणे उतरले आणि मालकाने हिशेब केला, तेव्हा फुटलेल्या बशांचे पैसे वजा जाता आमच्या हातावर नेरळपर्यंत जाण्याइतकेच पैसे पडले. त्या हॉटेलाचे नाव सांगण्यात काही हशील नाही. तो मालक काही जगावेगळा दुष्ट नव्हता. त्या धंद्याची रीतच तशी होती, आणि रीत ही माणसापेक्षा मोठी असते हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पुढे संघटनेत आलो त्याचे बीज त्या फुटक्या बशांत आहे.

असो. आता डोंगराकडे वळू.

इतिहासात लिहिलेले असते की ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरान 'शोधून काढले'. डोंगर काही हरवला नव्हता. धनगर, ठाकर आणि कातकरी त्याच्या अंगाखांद्यावर राहतच होते. साहेबाला वाट दाखवायला कोणीतरी डोंगरातलाच माणूस पुढे चालला असणार, पण त्याचे नाव कोठे नोंदलेले नाही. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तेथे बंगला बांधला, त्यांच्या मागोमाग मुंबईचे शेठ आले, पारशी आणि बोहरी कुटुंबांचे बंगले उठले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळपासून वरपर्यंत दोन फूट रुंदीची रेल्वे आणली. सुमारे एकवीस किलोमीटरची ती वाट वळसे घेत डोंगर चढते. ज्यांनी ती खोदली, रूळ डोक्यावर वाहिले, त्यांचीही नावे आपल्याला ठाऊक नाहीत. निसर्गपर्यटनाचा हा पहिला नियम समजा. पाहणाऱ्याचे नाव राहते, वाहणाऱ्याचे राहत नाही.

माथेरानची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे तेथे मोटार नाही. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, ती पायी, घोड्यावर, रिक्षात किंवा अमन लॉजहून रेल्वेने गाठायची. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि ही जुनी शिस्त कायद्याने पक्की झाली. ह्या शिस्तीचे फळ डोळ्यांना दिसते. आठशे मीटर उंचीवर जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट झाडी आहे. फांदीवरून शेकरू उडी मारते. रात्री भोंग्याचा आवाज नाही. मुंबईपासून एवढ्या जवळ असूनही हे रान उभे राहिले ते मोटार अडवल्यामुळेच, आणि त्याचा आम्हांला आनंद आहे.

पण बंधूंनो, मोटार अडवली म्हणून मोटारीचे काम अडत नाही. पाहुण्याची पेटी वर जायची असते. भाजी, दूध, गॅसची टाकी, सिमेंटची गोणी, विटा, बाळंतीण, म्हातारा आणि प्रेतसुद्धा कोणीतरी नेआण करायचेच असते. इंजिनाने जे करायचे ते घोड्याच्या पाठीवर, हमालाच्या डोक्यावर आणि रिक्षावाल्याच्या छातीवर आले. एक पुढे ओढायचा, मागून दोघे ढकलायचे, आणि लाल मातीच्या चढावरून एक धडधाकट माणूस बसून जायचा. खालच्या वाड्यांतल्या बाया पाहुण्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन चालतात. म्हणजे ज्या जंगलाचे आपण कौतुक करतो ते जंगल मेहनती माणसाच्या खांद्यावर उभे आहे. निसर्ग वाचवण्याची किंमत असते हे सर्वांना मान्य आहे. ती किंमत कोणी द्यायची, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आता पैशाची वाट पाहू. पाहुणा डोंगरावर खर्च करतो, त्यामुळे डोंगरावरचा माणूस सुखी झाला, असे गणित सांगितले जाते. हे गणित अर्धेच आहे. खोलीचे भाडे मालकाकडे जाते आणि मालक बहुधा खाली शहरात असतो. खोली मिळवून देणारा आपली दलाली वरच्यावर कापून घेतो. तांदूळ, तेल, पाण्याच्या बाटल्या खालून येतात, त्यांचा नफा खालीच राहतो. डोंगरावर राहते ती मजुरी. रिक्षाची, घोड्याची, हमालीची, भांडी घासण्याची. चिक्की करणारा आणि चपला शिवणारा चार पैसे गाठीला बांधतो, कारण त्याच्या हातात स्वतःचा धंदा आहे. बाकीच्यांच्या हातात फक्त हात आहेत. त्यात हंगाम उन्हाळ्याचा आणि दिवाळी-नाताळचा. पाऊस लागला की रेल्वेची नेरळची वाट बंद होते, फक्त वरचा अमन लॉजपर्यंतचा तुकडा चालतो. हंगामात घेतलेली उचल पावसाळ्यात खाल्ली जाते, आणि पावसाळ्यातले कर्ज पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते.

एकाच धंद्यावर जगणारे गाव किती नाजूक असते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. २६ जुलै २००५ च्या पावसात रेल्वेची वाट वाहून गेली आणि गाडी पुन्हा वर पोचायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसात वाट पुन्हा तुटली, ती २०२२ च्या ऑक्टोबरात पुरी जोडली गेली. मधल्या काळात करोना येऊन गेला. पाहुणा नाही, गाडी नाही, चूल नाही. गिरणी बंद पडली तेव्हा गिरणगावात जी शांतता आम्ही लहानपणी ऐकली, तीच त्या बाजारपेठेत होती. पर्यटनाला धूर न सोडणारा कारखाना म्हणतात. आम्ही म्हणतो, कारखाना म्हणता तर कारखान्याचे कायदेही त्याला लावा. हजेरीपट लावा, किमान वेतन लावा, भविष्यनिर्वाह निधी लावा. धूर नाही म्हणून घाम नाही असे थोडेच आहे!

निसर्गाचेही तसेच. मोटार नाही म्हणून माणसाचा भार नाही असे नव्हे. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आणि लाल मातीचा. त्या मातीवर हंगामात हजारो पाय आणि शेकडो घोड्यांच्या टापा पडतात. माती सुटते, उन्हाळ्यात धूळ होऊन पानांवर बसते आणि पावसाळ्यात ओहोळांतून खाली जाते. वाटेच्या कडेला झाडांची मुळे उघडी पडलेली तुम्ही पाहिली असतील, फोटोही काढले असतील. ती मुळे शोभेची नव्हेत. झाडाच्या पायांखालची जमीन निघून गेली आहे, एवढाच तिचा अर्थ. पाण्याचे पाहा. एकटे शार्लट तळे वाढत्या पाहुण्यांना कोठून पुरणार? खालून उल्हास नदीचे पाणी वर चढवावे लागते. ज्या वाड्यांच्या शेजारून ते पाणी जाते, तेथल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरतात. वरचा पाहुणा दिवसातून दोनदा अंघोळ करतो, आणि तोंडाने म्हणतो की निसर्गात किती साधे राहता येते!

रस्त्याचा वाद तुमच्या कानांवर आला असेल. धूप थांबावी आणि ई-रिक्षा चालाव्यात म्हणून मातीचे भाजलेले ठोकळे बसवा, असे एक म्हणतो. त्यावर घोडा घसरतो आणि रानाचे शहर होते, असे दुसरा म्हणतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर ठोकळ्यांना मोकळीक दिली आणि आतल्या वाटा व रानवाटा मात्र मातीच्याच ठेवायला सांगितले. हा तोडगा आम्हांला शहाणपणाचा वाटतो. जेथे माणसाला ओझे न्यायचे आहे तेथे वाट नीट हवी, आणि जेथे केवळ फिरायचे आहे तेथे पायाला थोडी माती लागली तर बिघडत नाही.

तिसरा परिणाम संस्कृतीचा. हा लवकर दिसत नाही. माथेरानच्या कड्यांची नावे पाहा. लुईझा, पॅनोरमा, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन. ठाकरांच्या पोरालाही आता हीच नावे पाठ आहेत, कारण ह्याच नावांनी गिऱ्हाईक मिळते. त्याच्या आजाची नावे त्याला कोणी विचारत नाही, म्हणून ती तोही विसरतो. तळ्याच्या काठी पिसरनाथ आहे, ते गावाचे दैवत. पण पाहुणा तळे पाहून परततो. दहा-बारा वर्षांचा पोरगा मे महिन्यात घोड्याचा लगाम धरून पळतो. चार पैसे मिळतात म्हणून जूनमध्ये शाळेत परतायला तयार नसतो. आणि ज्या गावात पाहुणा आला तर गुळपाणी पुढे करायची रीत होती, तेथे दस्तुरी नाक्यावर पाहुण्याची ओढाताण होते, भाड्याबद्दल भलतेच सांगितले जाते. ह्याच तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये गावाने माथेरान बंद पाळला. आम्ही त्या ओढाताणीचे समर्थन करीत नाही. पण एका गिऱ्हाइकामागे दहा भुकेले उभे केले की दहापैकी एकाची जीभ घसरणारच. दोष जिभेला द्यावा आणि भुकेलाही द्यावा.

आता आमच्या चुकीची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक व्हायचे नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका बैठकीत आम्ही मोठ्या तावातावाने बोललो होतो. ई-रिक्षा आली तर हातरिक्षावाल्याची भाकरी जाईल, म्हणून यंत्राला विरोध करा, असा आमचा सूर होता. गिरणीत यंत्र आले की माणूस जातो, हे लहानपणापासून ऐकलेले, तेच येथे लावले. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून साठीचा एक रिक्षावाला उठला. आमच्या वडिलांच्या वयाचा. त्याने आधी खोकला काढला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही बोलता ते कागदावर बरोबर आहे. पण तुम्ही एक डाव चढावर रिक्षा ओढा, आणि मग सांगा ही भाकरी जपायची का. माझा पोरगा हेच ओढणार असेल, तर तुमचा युनियन कशाला पाहिजे आम्हाला?"

सभेत कोणी बोलेना. आम्हीही खाली बसलो. त्या रात्री झोप आली नाही. आम्ही काम वाचवायला निघालो होतो आणि माणूस विसरलो होतो. वाचवायची होती ती त्याची मिळकत आणि त्याचा मान. आम्ही त्याचे जोखडच जपायला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्याने चहा पाजला आणि एवढेच म्हणाला, "शिकलेल्यांना उशिरा कळतं." आम्हांला शिकलेले म्हणणारा तो पहिलाच माणूस. पण त्या दिवशी त्या पदवीचा काही आनंद झाला नाही.

पुढे ही लढाई न्यायालयात गेली. २०२२ साली न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षांचा प्रयोग झाला, मग वीस ई-रिक्षांना मुभा मिळाली. परंतु त्या खऱ्या ओढणाऱ्यांच्याच हाती पडल्या की नाही, याची चौकशी करण्याची पाळी आली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने स्पष्ट निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे, ती सहा महिन्यांत बंद करा, शासनाने ई-रिक्षा घेऊन खऱ्या रिक्षावाल्यांना भाड्याने चालवायला द्या, उरलेल्या आदिवासी स्त्रियांना द्या, आणि पैसा नाही ही सबब सांगू नका. परवानाधारक हातरिक्षा तेव्हा चौऱ्याण्णव होत्या. ह्या निकालात १९८० च्या एका जुन्या निकालाची आठवण काढली आहे. तो पंजाबातील आझाद रिक्षाचालक संघटनेचा खटला. तेथे कायदा म्हणत होता की जो सायकलरिक्षा स्वतः चालवील त्यालाच परवाना मिळेल. हेतू चांगला. पण चालवणाऱ्याजवळ रिक्षा विकत घ्यायला पैसा कोठला? म्हणून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बँकेच्या कर्जाची सोय लावून दिली. बंदीचा हुकूम काढणे सोपे आहे. त्या हुकमाच्या मागे कर्जाची, मालकीची सोय उभी करणे हे खरे काम आहे.

हे काम कोणत्याही निकालाने आपोआप होत नाही. रिक्षा बॅटरीची झाली, पण परवाना एकाचा आणि चालवणारा दुसरा, असे झाले तर चाके बदलली आणि मालक तोच राहिला. घोडेवाल्यांचाही प्रश्न आहे. त्यांना वाटते, ई-रिक्षा आमचा घास घेणार. साडेचारशेच्या आसपास घोडे आहेत आणि प्रत्येक घोड्यामागे एक घर आहे. त्यांना विकासाचे शत्रू म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. रिक्षावाला आणि घोडेवाला एकमेकांचे गळे धरतील, तर ज्यांचा नफा खाली शहरात जातो त्यांची झोप मोडणार नाही. मालाची वाहतूक, रानातल्या फेऱ्या घोड्याकडे आणि माणसांची मुख्य वाट रिक्षाकडे, अशी वाटणी दोघांनी एका सतरंजीवर बसून ठरवावी.

कोणी म्हणेल, हे स्वप्न आहे. तसे नाही. साताऱ्याजवळचे कास पठार पाहा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा झाले आणि फुले पाहायला झुंबड उडाली. तेथे रोज किती माणसे सोडायची याला मर्यादा घालण्यात आली, आणि शुल्क जमवण्याचे व राखणीचे काम गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांकडे आले. केरळात पेरियारच्या अरण्यात जे लोक एके काळी दालचिनीच्या जातीच्या झाडांची साल चोरून काढीत, त्यांनाच समिती करून वाटाडे आणि राखणदार नेमले. चोराला रान ठाऊक असते ते साहेबाला नसते. रान राखण्यात त्याचा वाटा ठेवला की तोच पहिला पहारेकरी होतो. ह्या ठिकाणीही भांडणे आहेत, सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. पण वाट कोणत्या दिशेला आहे ते दिसते.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? माथेरानच्याच मातीत १९१२ साली एक मुलगा जन्मला. नाभिक समाजातला, विठ्ठल कोतवाल. वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत बसला आणि खालच्या वाड्यांतल्या आदिवासींची सावकारांच्या कर्जातून सुटका व्हावी म्हणून त्याने धान्यकोठ्या उभ्या केल्या. सुगीत धान्य कोठीत ठेवावे, अडचणीत त्यातून न्यावे. हेच भाई कोतवाल पुढे चळवळीत भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांच्या हौतात्म्याला आपण दरवर्षी वंदन करतो. त्यांच्या धान्यकोठीची आठवण कितीजण काढतात? जे त्यांनी धान्याचे केले ते आज हंगामाच्या मिळकतीचे करता येईल. रिक्षावाले, घोडेवाले, हमाल बाया यांची एक सहकारी संस्था, ठरलेले दर, पावती, आणि प्रत्येक पावतीतून थोडी रक्कम पावसाळ्याच्या कोठीत. म्हणजे जूनमध्ये उचल मागायला मालकाच्या दारी उभे राहावे लागणार नाही.

शेवटी तुमच्याकडे वळतो. येत्या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळजण कोठेतरी डोंगरावर जाल. अवश्य जा. गिरणगावातल्या पोरालाही वर्षातून चार दिवस झाडाखाली बसायचा हक्क आहे, तो केवळ बंगलेवाल्यांचा नव्हे. पण जाताना आपली बाटली आपणच परत आणा. पेटी हलकी भरा, कारण ती कोणाच्या तरी मानेवर जाणार आहे. भाड्यात घासाघीस करताना हॉटेलच्या खोलीसाठी केली होती का ते आठवा. वाट दाखवणाऱ्याला त्याचे नाव विचारा, आणि जमल्यास त्या कड्याचे त्याच्या आजाने सांगितलेले नावही विचारा. ज्या हॉटेलात उतराल तेथल्या कपबशा विसळणाऱ्या पोराला सहज विचारा, "पगार मिळतो का रे वेळेवर?" त्याने उत्तर दिले नाही तरी चालेल. मालकाच्या कानांवर प्रश्न गेला तरी पुष्कळ झाले.

त्या साठीच्या रिक्षावाल्याचा मुलगा आज चढावर रिक्षा ओढत नाही, तो रेल्वेत गँगमन आहे. म्हाताऱ्याने हे आम्हांला सांगितले तेव्हा त्याचा खोकला तसाच होता, पण आवाजात ताठा होता. डोंगर राहावा, झाडे राहावीत, आणि त्या डोंगरावरच्या प्रत्येक बापाला असाच ताठा मिळावा, एवढीच आमची मागणी आहे.